कोल्हापुरातील एक लहान प्रोबायोटिक्स कंपनी : शेअर घ्यावेत का?

शाहूपुरीकर

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने ओळखीच्या काही कुटुंबांना शेअर देऊ केले आहेत आणि त्यांत आमचेही कुटुंब आहे. कंपनी प्रोबायोटिक्सची, म्हणजे पोटाला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची, पाकिटे व कॅप्सूल तयार करते. शिवाय दुभत्या जनावरांच्या खाद्यात मिसळायची एक पावडरही विकते. उत्पादनाचा बराचसा भाग ती दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने करून देते. उरलेला माल स्वतःच्या नावाने कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या औषध दुकानांत जातो. नव्या भांडवलातून स्वतःचा फर्मेंटर (जिवाणू वाढवण्याची टाकी) आणि फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवण्याचे यंत्र) बसवण्याचा बेत आहे. प्रस्ताव खासगी असल्यामुळे मी कंपनीचे नाव लिहीत नाही आणि कोणाच्या लक्षात आले तरी त्यांनीही लिहू नये, ही विनंती.

माहितीपुस्तिकेची निम्म्याहून अधिक पाने पचनाच्या आरोग्याची बाजारपेठ किती वाढणार आहे, यावर खर्ची पडली आहेत. ती वाढेलही, परंतु वाढत्या बाजारपेठेत कोणाच्या पदरात काय पडते, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याबद्दल पुस्तिकेत फारसे काही नाही. प्रवर्तक कष्टाळू आहेत, त्यांच्यापैकी एक जण सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले आहेत, कारखाना स्वच्छ आहे. हे सर्व मी पाहिले आहे आणि मान्य करतो.

माझी अडचण वेगळी आहे. पाकिटात भरलेला जिवाणू दुसऱ्या पुरवठादाराकडून विकत घेतलेला असेल आणि पाकिटावरचे नाव तिसऱ्याच कंपनीचे असेल, तर या कंपनीची कमाई म्हणजे पाकिटे भरून देण्याची मजुरी. त्या व्यवसायात कमीपणा काहीच नाही; कोल्हापुरातील कितीतरी घरे जॉबवर्कवर उभी राहिली आहेत. मात्र शेअरची किंमत संशोधन करणाऱ्या कंपनीसारखी मागितली जात आहे आणि मालमत्ता मात्र भरणी करणाऱ्या कारखान्याची आहे. म्हणून विक्री, नफा आणि बाजारपेठ यांच्याही आधी कंपनीच्या मालकीचे नेमके काय आहे, हे तपासावे असे मला वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूक्ष्मजीव

मी दुग्धप्रक्रिया उद्योगात गुणनियंत्रण प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पैशांविषयी न लिहिता जिवाणूंविषयी लिहितो.

पहिली गोष्ट स्ट्रेनची, म्हणजे एकाच प्रजातीतील विशिष्ट वाणाची. पाकिटावर नुसते लॅक्टोबॅसिलस असे लिहिलेले असेल, तर त्यातून काही कळत नाही. कुळ (जीनस), प्रजाती (स्पीशीज) आणि त्यापुढे स्ट्रेनचा क्रमांक, असे तिन्ही हवे, कारण अभ्यास स्ट्रेनवर झालेला असतो आणि त्याच प्रजातीच्या दुसऱ्या स्ट्रेनला तो आपोआप लागू होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही स्ट्रेनपर्यंतची ओळख आणि मुदत संपेपर्यंतची जिवंत संख्या या दोन्ही बाबींचा आग्रह आहे. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या कुळाची पंचवीस कुळांत फेरमांडणी झाल्यापासून जुनी आणि नवी नावे एकाच वेळी वापरात आहेत. परंतु स्ट्रेनचा क्रमांक तोच राहतो, म्हणून क्रमांकच विचारावा.

दुसरी गोष्ट संख्येची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. त्याहून कमी संख्या ठेवायची असेल, तर तेवढ्याने उपयोग होतो असे अभ्यासाने दाखवावे लागते. आता समजा, पाकीट भरताना त्यात शंभर कोटी जिवाणू होते आणि दीड वर्षात त्यांची संख्या दहापटीने घटली, तर माल नेमका किमान मर्यादेवर येऊन ठेपतो. मधल्या काळात तो एखाद्या औषध दुकानाच्या उन्हाकडच्या कपाटात महिनाभर राहिला, तर त्या मर्यादेच्याही खाली जातो. म्हणून उत्पादक भरतानाच संख्या दुप्पट-तिप्पट ठेवतात. हा जादा माल फुकट येत नाही. त्याचा खर्च पाकिटाच्या किमतीतून वसूल झाला पाहिजे. बॅसिलस कोअॅग्युलन्स आणि बॅसिलस क्लॉसाय यांसारखे बीजाणू (प्रतिकूल स्थितीत टिकून राहणारे कवचबंद रूप) करणारे जिवाणू उष्णता व कोरडेपणा सहन करतात, त्यामुळे त्यांना शीतसाखळी लागत नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांना आर्द्रता आणि उष्णता या दोन्हींपासून जपावे लागते. कंपनीच्या विक्रीत या दोन गटांचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय नफ्याच्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.

ही मोजणी कशी होते, तेही सांगतो. एक ग्रॅम पावडर नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात भिजवतात, त्यातला एक मिलिलिटर पुढच्या नऊ मिलिलिटरमध्ये घालतात आणि असे दहा-दहापटीने पातळ करत नेतात. शेवटच्या नळ्यांतील थेंब आगर (जिवाणू वाढवण्याचा जेलीसारखा थर) घातलेल्या पेट्री डिशवर पसरून ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवले, की प्रत्येक जिवंत जिवाणूच्या जागी एक ठिपका उमटतो. ज्या डिशवर साधारण तीस ते तीनशे ठिपके आहेत, तीच मोजतात आणि पातळ केल्याच्या पटीने गुणतात. फ्रीझ ड्राय केलेली पावडर पुरेशी भिजू दिली नाही, तर त्याच पाकिटाचा आकडा कमी भरतो. त्यामुळे एका अहवालावरून कंपनीला चांगले किंवा वाईट ठरवू नये. एकाच बॅचचे शून्य, तीन, सहा, नऊ, बारा आणि अठरा महिन्यांचे आकडे ओळीने मागावेत आणि ते कोणत्या तापमानाला व आर्द्रतेला घेतले, हेही लिहून घ्यावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील हवा हीच कोरड्या पावडरची खरी परीक्षा असते.

शाहूपुरीकर

फार उपयुक्त माहिती दिलीत, मनापासून आभार. मी काल विचारणा केली. मुख्य उत्पादनातील जिवाणू हैदराबादच्या एका पुरवठादाराकडून पावडरच्या रूपात येतो आणि तोच पुरवठादार इतर अनेकांनाही तो विकतो. जनावरांच्या पावडरीतील यीस्टही बाहेरून विकत घेतलेले आहे. मात्र राधानगरी भागातील धनगरवाड्यांवरच्या ताकातून आपण एक स्वतःचा स्ट्रेन वेगळा केला आहे आणि त्याच्या पेटंटची तयारी सुरू आहे, असे ते सांगतात. शेअरची जास्त किंमत प्रामुख्याने त्याच आधारावर मागितलेली आहे.

दस्तऐवज

पेटंटविषयी प्रवर्तकांना थेट प्रश्न विचारा. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार निसर्गात आढळणाऱ्या सजीव वस्तूचा नुसता शोध पेटंटला पात्र ठरत नाही. ताकातून वेगळा केलेला जिवाणू आहे तसा पेटंट होणार नाही; त्याची वाढ करण्याची, तो सुकवण्याची किंवा इतर घटकांसोबत टिकवण्याची नवी पद्धत असेल, तर तिच्यासाठी अर्ज करता येतो. शिवाय देशातील जैविक संसाधनावर आधारलेल्या शोधासाठी जैवविविधता कायदा, २००२ अन्वये राष्ट्रीय प्राधिकरणाकडील सोपस्कार पूर्ण करावे लागतात. तयारी सुरू आहे, हे उत्तर पुरेसे नाही. अर्जाचा क्रमांक आणि तारीख असेल, तरच अर्ज आहे असे समजावे.

स्ट्रेन सूक्ष्मजीवांच्या अधिकृत संग्रहात ठेवला आहे का, हे त्याहून महत्त्वाचे. चंदीगडची एमटीसीसी आणि पुण्याची एमसीसी या दोन्ही संस्था बुडापेस्ट करारान्वये (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यता असलेले संग्रह आहेत. पुणे काही दूर नाही. स्ट्रेन तेथे कंपनीच्या नावाने जमा आहे, की प्रवर्तकांपैकी एकाच्या वैयक्तिक नावाने, हे पावतीवर दिसेल. उद्या ती व्यक्ती कंपनीतून बाहेर पडली, तर स्ट्रेन कोणाबरोबर जाईल, हे भागधारक होण्यापूर्वीच लिखित स्वरूपात ठरले पाहिजे.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. व्हीएसएल थ्री या प्रसिद्ध प्रोबायोटिक मिश्रणाचे जनक क्लॉडिओ डी सिमोने आणि ते नाव वापरून माल विकणाऱ्या कंपन्या यांचे फाटले, तेव्हा नाव एकीकडे आणि मूळ मिश्रणाची कृती दुसरीकडे राहिली. नाव तेच ठेवून वेगळे मिश्रण विकल्याबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या ज्यूरीने डी सिमोने यांच्या बाजूने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा निकाल दिला. ते नाव जगभर परिचित होते, तरीही मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला. आपल्याकडे तर अशा बाबतींत बहुतेक वेळा तोंडी समजुतीवरच काम चालते.

पंचगंगाकाठ

मी दूध उत्पादक आहे, म्हणून जनावरांच्या पावडरीबद्दल लिहितो. यीस्ट घातल्याने म्हशीचे पचन सुधारते, हा अनुभव आमच्याकडे अनेकांना आहे आणि खाद्यातील बदलांच्या काळात त्याचा उपयोगही होतो. परंतु शेतकरी पाकिटावरचे नाव बघून ते विकत घेत नाही. गावच्या दूध संस्थेतून मिळाले आणि पैसे दूध बिलातून कापले गेले, तरच तो नियमित घेतो. या जिल्ह्यात गोकुळ आणि वारणा या दूध संघांची पाळेमुळे इतकी खोल आहेत, की पशुखाद्याच्या धंद्यात नवख्या कंपनीला गावोगावच्या संस्थांच्या दारातूनच जावे लागते. तेथे दर खाली ओढला जातो आणि पैसे यायला उशीर होतो. पुस्तिकेत या पावडरीच्या विक्रीचा मोठा अंदाज दाखवला असेल, तर कोणत्या संस्थेबरोबर लेखी व्यवहार आहे, हे अवश्य विचारा.

पुराचाही विचार व्हावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. गोकुळ शिरगाव शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे कारखान्यात पाणी शिरले नाही, तरी पुण्या-मुंबईकडची वाहतूक अडते. कच्चा जिवाणू थंड ठेवावा लागत असेल, तर वीज गेल्यावर किती तास भागते, जनरेटर आहे का आणि विम्यात थंड साठ्याचे नुकसान धरले आहे का, हे प्रश्न आमच्या भागात दरवर्षी जून उजाडण्याआधी विचारावे लागतात.

वैद्यकीय

मी बालरोगतज्ज्ञ आहे. प्रोबायोटिक्सचा उपयोग होतो की नाही, याला एका वाक्यात उत्तर नाही. एका टोकाला ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेला अभ्यास आहे, जो २०१७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विशिष्ट लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम स्ट्रेन आणि त्याला पोषक शर्करा दिलेल्या गटात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आपल्या देशात, खेड्यात, इतक्या मोठ्या संख्येवर झालेला हा अभ्यास मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या टोकाला अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२० च्या सूचना आहेत. त्यांत पचनाच्या बऱ्याच विकारांसाठी प्रोबायोटिक्स संशोधनाबाहेर वापरण्याची शिफारस केलेली नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण स्ट्रेन वेगळा, रुग्ण वेगळा आणि अपेक्षित परिणामही वेगळा.

गुंतवणूकदाराने यातून दाव्यांकडे बारकाईने पाहायला शिकावे. उत्पादन अन्न परवान्याखाली असेल, तर अमुक आजार बरा होतो असे त्याच्यावर लिहिता येत नाही. अॅक्टिव्हिया दह्याविषयीच्या अतिरंजित दाव्यांसाठी डॅनॉनच्या अमेरिकेतील कंपनीला २०१० मध्ये तेथील ३९ राज्यांना २ कोटी १० लाख डॉलर द्यावे लागले आणि ते दावे मागे घ्यावे लागले. एवढी मोठी कंपनी असा फटका पचवू शकते. लहान कंपनीला मात्र माल परत घेण्याची एक वेळही भारी पडते. कंपनीच्या प्रतिनिधीने डॉक्टरांना दिलेली पत्रके मागवा आणि ती परवान्याशी ताडून पाहा. पुस्तिकेपेक्षा त्या पत्रकांतून कंपनीचा स्वभाव अधिक कळेल.

उद्यमनगरी

सर्वांनी धोकेच मांडले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा इंजिनिअरिंगचा कारखाना आहे. पहिला माल दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर आणि दुसऱ्याच्या नावाने काढूनच या गावातले कारखानदार मोठे झाले. जॉबवर्क करता करता प्रक्रिया हातात येते आणि मग स्वतःचे उत्पादन निघते. जानेवारी २०२२ मध्ये जेबी केमिकल्सने हैदराबादच्या सॅनझाइमकडून स्पोरलॅक या प्रोबायोटिकसह काही ब्रँड सुमारे ६२८ कोटी रुपयांना घेतल्याची घोषणा केली. स्वीडनची बायोगाया १९९० मध्ये लहान कंपनी म्हणून सुरू झाली आणि लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या बळावर जगभर पोहोचली. आपल्या गावातील मुले असे काही उभे करू पाहत असतील, तर त्यांच्या मागे पै-पाहुण्यांनी उभे राहायचे नाही, तर मग कोणी?

शाहूपुरीकर

तुमच्या भावनेबद्दल मला आदर आहे आणि उदाहरणेही योग्य आहेत. परंतु तीच उदाहरणे नीट पाहिली, तर माझ्या शंकेला बळ मिळते. जेबी केमिकल्सने रक्कम मोजली ती ब्रँडसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या लेखणीत वर्षानुवर्षे बसलेल्या नावासाठी. बायोगायाकडे स्वतःचे स्ट्रेन होते, त्यांवरचे अभ्यास होते आणि विक्री तिने देशोदेशीच्या भागीदारांकडे सोपवली. दोन्ही ठिकाणी मालकीची एक ठोस वस्तू होती. आपल्या कंपनीकडे आज स्वतःचे नाव लहान आहे आणि स्वतःचा स्ट्रेन अजून बाजारात आलेला नाही.

इंजिनिअरिंगशी एक फरकही लक्षात घ्यावा. फर्मेंटर बसवला की जिवाणू स्वस्तात तयार होईल, हे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक बॅचमध्ये दुसरा जंतू शिरण्याचा धोका असतो, वाढलेला जिवाणू सुकवताना मरतो आणि उत्पादन पुरेसे मोठे नसेल, तर हैदराबादची तयार पावडरच स्वस्त पडते. म्हणून यंत्राची किंमत किती, यापेक्षा ते वर्षात किती दिवस चालेल आणि त्यावर काय तयार होईल, हा हिशोब मला हवा आहे. तो पुस्तिकेत नाही.

पै-पाहुण्यांच्या मुद्द्याबद्दलही मनापासून लिहितो. आपल्याकडे ओळखीत नाही म्हणणे फार अवघड असते आणि नेमक्या त्याच कारणाने प्रश्नही विचारले जात नाहीत. मदत करायची असेल तर ती मदत म्हणून करावी. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे गुंतवणूक म्हणून द्यायचे असतील, तर कागद मागण्यात कोणी अपमान मानू नये.

ताळेबंद

सनदी लेखापाल म्हणून काही व्यवहार्य बाबी नोंदवतो.

कंपनीचे वार्षिक हिशेब आणि विवरणे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. मशिनरी आणि साठा कोणत्या बँकेकडे तारण आहे, हेही तेथील बोजांच्या नोंदींत दिसते. पुस्तिकेतील आकडे आणि तेथे दाखल केलेले आकडे शेजारी ठेवून पाहा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

या व्यवसायात येणी आणि परत आलेला माल हे दोन आकडे नफ्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. स्टॉकिस्टला (घाऊक वितरकाला) पाठवलेला माल विक्री म्हणून नोंदला जातो, परंतु मुदत संपलेली पाकिटे दुकानदार परत करतो आणि त्याचे पैसे पुढच्या बिलातून वळते करून घेतो. मार्चमध्ये विक्री अचानक फुगलेली आणि एप्रिल-मेमध्ये परतावा वाढलेला दिसला, तर त्या वर्षीच्या नफ्यावर विसंबू नका. स्वतःच्या ब्रँडची आणि करून दिलेल्या मालाची विक्री वेगवेगळी मागा. दोन्ही एकत्र दाखवली, की नक्की कशात कमाई आहे ते झाकले जाते. करून दिलेल्या मालात एकाच ग्राहकाचा वाटा निम्म्याहून जास्त असेल, तर त्या ग्राहकाचा करारही पाहायला हवा.

शेअर देण्याची रीतही तपासा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी वाटप ठरावीक व्यक्तींनाच, लेखी प्रस्तावपत्राने करता येते. एका आर्थिक वर्षात ही संख्या साधारणपणे दोनशेच्या वर जाऊ शकत नाही. रक्कम रोखीत घेता येत नाही. ती तुमच्या बँक खात्यातून कंपनीच्या वेगळ्या खात्यात गेली पाहिजे आणि साठ दिवसांत शेअर वाटप झाले पाहिजे. ते झाले नाही, तर पुढील पंधरा दिवसांत पैसे परत करावे लागतात, अन्यथा बारा टक्के व्याज लागते. शेअर देतो आणि वर दरमहा ठरलेला परतावाही देतो, असे कोणी तोंडी सांगितले, तर तो व्यवहार ठेवींच्या नियमांत अडकतो, तेथेच थांबावे.

बाहेर पडण्याचा मार्ग हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. प्रायव्हेट कंपनीचे शेअर मनात आले म्हणून विकता येत नाहीत. पुस्तिकेत तीन-चार वर्षांत एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या, शेअर बाजारात नोंदणी करू, असे लिहिलेले असते. सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचे निकष कडक केले असून मागील तीन आर्थिक वर्षांपैकी दोन वर्षांत किमान एक कोटी रुपयांचा परिचालन नफा हवा, ही त्यांतली एक अट आहे. तुमची कंपनी आज तेथून किती दूर आहे, ते हिशेबांवरून कळेल. प्रवर्तकांनी आपला हिस्सा विकला तर त्याच दराने आपलाही विकण्याचा हक्क भागधारक करारात लिहून घ्या.

शाहूपुरीकर

सर्वांच्या सूचनांवरून मी कंपनीला पत्र दिले आणि काल त्याचे उत्तर आले. टिकाऊपणाचे आकडे त्यांनी दिले आहेत आणि बीजाणू असलेल्या उत्पादनाचे आकडे खरोखर समाधानकारक आहेत. लॅक्टोबॅसिलस असलेल्या पाकिटाचे आकडे बारा महिन्यांपर्यंतचेच आहेत, मुदत मात्र अठरा महिन्यांची छापलेली आहे. ताकातील स्ट्रेन अद्याप कोठेही जमा केलेला नाही. तो जमा करून कंपनीच्या नावाने नोंदवण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. मुख्य ग्राहकाबरोबरचा करार दाखवायला मात्र त्यांनी नकार दिला.

माझा निर्णय असा आहे की सध्याच्या किमतीला शेअर घेणार नाही. स्ट्रेन कंपनीच्या नावावर आला, करार किमान आमच्या लेखापालांना दाखवला गेला आणि भरणीच्या व्यवसायाला साजेशी किंमत ठरली, तर मर्यादित रक्कम देण्याची माझी इच्छा आहे. हे मी त्यांना समोरासमोर बसून सांगितले. त्यांना ते आवडले नाही, तरी त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि स्ट्रेनच्या कामासाठी पुण्याला जाण्याचे ठरवले आहे.

सूक्ष्मजीव

आपला निर्णय योग्य वाटतो. लॅक्टोबॅसिलसच्या पाकिटाबाबत एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. कंपनीने दिलेला नमुना घेऊ नका. इचलकरंजी किंवा जयसिंगपूरच्या दुकानांतून मुदत संपायला दोन-तीन महिने उरलेली, एकाच बॅचची काही पाकिटे बिल घेऊन विकत घ्या आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. देण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेत प्रोबायोटिक मोजणीचा समावेश आहे का, ते विचारा, कारण सर्वसाधारण अन्न तपासणीची मान्यता असली तरी ही मोजणी त्यात असेलच असे नाही. पाकिटे उन्हात नेऊ नका आणि उघडूही नका. बॅच क्रमांक तेवढा टिपून ठेवा, म्हणजे कंपनीकडून त्याच बॅचचा भरतानाचा आकडा मागता येईल.